तयार करणार : विनोद ओव्हाळ

नवा प्रिंटर जोडताना पडद्याच्या मधोमध एक चौकट आली आणि तिनं विनोदचा पासवर्ड मागितला. इंग्रजीत होतं सगळं, पण मला समजायला वेळ लागला नाही. वर वाक्य होतं की या कामाला परवानगी लागेल, त्याखाली त्याचं नाव, नावाखाली एक रिकामी पट्टी, आणि पट्टीत लुकलुकणारी बारीक उभी रेघ. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या सुलक्षणानं मान लांब करून पाहिलं आणि अगदी सहज म्हणाली, "टाका की वहिनी. तुम्हाला म्हाईत असंलच." मातीचे नमुने घेऊन आलेले दोन शेतकरी बाकावर बसले होते, तेही माझ्याकडं बघायला लागले. नवऱ्याचा पासवर्ड बायकोला माहीत असणारच, त्यात विचारायचं काय? मी म्हटलं, "हो, हो. आठवते." खोटं बोलताना मी नेहमी दोनदा हो म्हणते. विनोद असता तर त्यानं तिथल्या तिथं पकडलं असतं.

शिरूरच्या बसस्टँडमागं आमचं माती-पाणी तपासणी केंद्र आहे. सहकारी संघाचं आहे, म्हणजे कुणाचंच नाही आणि चेअरमनचं आहे. शेतकऱ्यानं पिशवीत अर्धा किलो माती आणायची, आम्ही ती वाळवायची, चाळायची, तपासायची आणि त्याच्या रानात काय कमी आहे ते कागदावर लिहून द्यायचं. पाच वर्षं हे काम विनोदनं केलं. नोव्हेंबरात न्हावऱ्याच्या रस्त्यावर, दिवेलागणीला, उसाच्या एका बिनदिव्याच्या ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल मागून आदळली आणि तो गेला. त्याला आता चौदा महिने झाले. मॅनेजर सर्जेराव आप्पा माणूस वाईट नाही. तिसऱ्या महिन्यात ते स्वतः घरी आले आणि म्हणाले, "जागा त्याची हाय, म्हंजी तुमचीच. या सोमवारपासनं." मी गेले. बीएस्सीला रसायनशास्त्र होतं, ते तसंही घरात गंजतच पडलं होतं. सोमवारी सकाळी मी त्याच्या खुर्चीवर बसले, त्याचं कॉम्प्युटर चालू केलं, आणि ते काहीही न विचारता उघडलं. वरच्या कोपऱ्यात नाव होतं विनोद.

ते कॉम्प्युटर विनोद असल्यापासून तसंच उघडायचं. आधीच्या विंडोजला व्हायरस लागून अख्ख्या हंगामाचे रिपोर्ट गेले, तेव्हा विनोदनं चिडून विंडोज काढलं आणि लिनक्स घातलं. घरी येऊन महिनाभर माझं डोकं खाल्लं. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो, रश्मी, प्रत्येक फाइलला. कुणी वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी हातच लावायचा नाही, सगळं ठरलेलं. मी भाजी चिरत हूं हूं करायचे. केंद्रात मात्र त्याचं कुणी ऐकलं नाही. त्यानं सगळ्यांची वेगवेगळी खाती करायचं ठरवलं तर आप्पा म्हणाले, "रोज कोण पासवर्ड टाकत बसंल? तुझ्या नावानं उघडू दे, आम्ही बसतो त्यातच." मग सगळेच विनोदच्या नावात बसून काम करायला लागले. रिपोर्टच्या खाली 'तयार करणार' असं लिहिलेलं असायचं आणि पुढं नाव आपोआप पडायचं, विनोद म्हाळू ओव्हाळ. सुलक्षणानं टाइप केलं तरी तेच, आप्पांनी केलं तरी तेच. विनोदला ते आवडायचं. एकदा म्हणाला होता, ज्यांच्या बांधावर आमच्या आज्याला चपला घालून उभं राहता येत नव्हतं, त्यांच्या मातीत काय कमी आहे ते आता मी लिहून देतो, आणि ते कागद घडी घालून खिशात ठेवतात. हे बोलताना तो हसत नव्हता. मी हसले होते, ते आता आठवतं.

म्हणजे तो गेल्यावरही तो रिपोर्ट तयारच करत राहिला. मी नमुना तपासायचे, आकडे भरायचे, छापायचे, आणि खाली त्याचं नाव. मला हे बदलता आलं नसतं असं नाही. कुणाला तरी बोलावून नाव बदलून घ्या, एवढं एक वाक्य आप्पांना बोलायचं होतं. मी ते बोलले नाही. खरं सांगायचं तर मला ते सुखाचं होतं. घरी त्याचे कपडे दिले गेले, त्याची बाजू रिकामी झाली, आमची गौतमी 'बाबा' हा शब्द हळूहळू कमी वापरायला लागली, पाच वर्षांच्या पोरीकडून आणखी काय अपेक्षा करायची? पण इथं दहा ते सहा त्याचं नाव चालू होतं. तालुक्यातल्या शेकडो घरांत, कपाटांत, सातबाराच्या पिशव्यांत, त्याच्या मरणानंतरच्या तारखेचे त्याच्या नावाचे कागद पडले आहेत. मला कधीकधी वाटायचं की एखादा शेतकरी उठून विचारेल, हा मेलेला माणूस माझी माती कधी तपासून गेला? कुणी विचारलं नाही. खालचं नाव कोण वाचतं.

आणि आता ही पट्टी. मी आधी अर्थातच माझं नाव टाकलं. यात लाजायचं काय? जगातली कुठलीही बाई तेच टाकेल. अक्षरांच्या जागी काळे ठिपके उमटले, मी एंटर दाबलं, चौकट जराशी थरथरली आणि माफी मागून म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा. माझं नाव आणि लग्नाचं वर्ष. माफ करा. गौतमी. गौतमी आणि जन्मसाल. माफ करा. विनोदनं सहा वर्षांत माझी एकदाही माफी मागितली नव्हती, चूक कबूल करायची वेळ आली की तो चहा करून आणून ठेवायचा. आणि हे मशीन त्याच्या नावानं मिनिटाला एकदा माफी मागत होतं. मोटरसायकलचा नंबर टाकला. राहू टाकलं, त्याचं गाव. जयभीम टाकलं, पुढं चौदा एप्रिल जोडून टाकलं, तेवढ्यात मलाच वाटलं की हे तर शिरूरातलं कुणीही ओळखेल, तो इतका भाबडा नव्हता. सुलक्षणा आता माझ्याकडं बघत नव्हती. ती मुद्दाम बघत नाहीये हे मला कळत होतं, आणि माझे कान तापले होते.

आप्पा आतून आले, उभ्याउभ्या सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दौंडच्या त्या सत्यजीतला फोन केलाय. तीनला येतोय. दोन मिन्टात उडवतो म्हणला पासवर्ड." उडवतो. मी घड्याळ पाहिलं, सव्वाअकरा झाले होते. तेव्हा मला जे वाटलं ते मी आतापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. विनोदच्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट अजून जशीच्या तशी कुठंतरी होती. ती तीन वाजता पुसली जाणार होती आणि मला ती माहीत नव्हती. मशीनमध्ये काही नवं घालताना तो ज्या शब्दावर बोटं ठेवायचा, जो त्यानं कुणालाच सांगितला नाही, त्यात मी आहे का? एवढंच हवं होतं मला. नोकरी, प्रिंटर, रिपोर्ट, सगळं गेलं खड्ड्यात. सहा वर्षं एका ताटात जेवून मी त्याच्या आत कुठं होते की नव्हते, हे त्या पट्टीला ठाऊक होतं, आणि ती मला सांगत नव्हती.

पावणेचार तास हातात होते. मी नमुने चाळत होते आणि चाळताचाळता आठवत होते. अशा वेळी आठवणी चांगल्या येत नाहीत, कामाच्या येतात. त्याला कुठलं गाणं आवडायचं? माहीत नाही, तो नुसती शिटी वाजवायचा. कुठला मित्र? रोज वेगळा. रंग, देव, सिनेमा, काही नाही. लग्नाआधी कुणी मुलगी होती का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, होती की, दहावीत, पण तिनं मला विज्ञानाची वही परत दिली नाही म्हणून संपलं. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. आता ती वही न देणारी मुलगी अचानक माझ्या शेजारी येऊन बसली. माया असेल, पूनम असेल. मी दोन्ही टाकून पाहिली. हो, टाकली. माफी मागितली मशीननं, आणि मला इतकं बरं वाटलं की माझीच मला शरम वाटली. मेलेल्या माणसाचे खिसे तपासणारी बाई झाले होते मी, तेही भर ऑफिसात, हातात चाळणी घेऊन.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाजूला जाऊन राहूला फोन लावला. सासूबाई, रंभाआत्या, फोन उचलला की आधी ओरडतात, समोरच्याला ऐकू येत नाही असं धरूनच. मी विचारलं, "आत्या, ह्यांना लहानपणी काय आवडायचं?" पलीकडं कोंबड्या ओरडत होत्या. आत्या म्हणाल्या, "का गं? सपनात आला व्हता का?" मी म्हटलं, नाही, सहज. "त्याला कसली आवड? गप गप असायचा. शाळंतनं येताना खिसं भरून खडं आणायचा, तांबडं, पिवळं, काळं. म्या धुताना खिशातनं काढून फेकायची. एकदा लई रडला, म्हणला आई, त्यात एक निळा व्हता." मी विचारलं, त्याचं काही नाव होतं का, त्या निळ्या खड्याचं? हा प्रश्न तोंडातून गेल्यावर मलाच वेडगळ वाटला.  आत्या अगदी हळू, पहिल्यांदाच न ओरडता म्हणाल्या, "रश्मे, तू जेवलीस का? दोन दिस सुट्टी काढ आन् हिकडं ये." मी बरं म्हटलं. आत येऊन निळा टाकलं, खडा टाकलं, दोन्ही जोडून टाकलं. तो लहानपणी रडायचा हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं, एवढीच त्या फोनची कमाई.

सत्यजीत सव्वातीनला आला. पस्तिशीचा, पाठीवर सॅक, बोलायला मोकळा. दौंडात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझं माहेर तिथल्या रेल्वे कॉलनीतलं हे कळल्यावर तो लगेच ताई म्हणायला लागला. मी त्याला खुर्ची दिली आणि शेजारी उभी राहिले. मी विचारलं, "उडवायच्या आधी तो बघता येईल का? काय होता ते?" तो म्हणाला, "न्हाई ताई. तो कुठं लिहिलेलाच नसतो." मला वाटलं तो टाळतोय. त्यानं समजावलं, "तुम्ही पासवर्ड ठेवला की मशीन त्याचा पार भुगा करतं आन् तो भुगा ठेवतं. पुढल्या टायमाला तुम्ही टाकाल त्याचा पण भुगा करतं, आन् दोन भुगं जुळतात का तेवढंच बघतं. भुग्यावरनं मूळचं काय व्हतं ते त्याला सुदिक सांगता येत न्हाई." मी म्हटलं, म्हणजे या मशीनलाही माहीत नाही? "न्हाई. जगात फकस्त साहेबांना म्हाईत व्हतं." हे तो अगदी कामाच्या सुरात बोलला. सकाळपासून माझी समजूत होती की त्या पट्टीला सगळं ठाऊक आहे आणि ती माझ्यापासून लपवते आहे. तिला काही ठाऊकच नव्हतं. ती आणि मी सारख्याच होतो.

त्यानं मशीन बंद करून चालू केलं, सुरू होताहोता एक बटण दाबून धरलं, काळा पडदा आला, त्यातून आणखी एक यादी, आणि बघताबघता तो आत होता. कुणी काही विचारलं नाही, कुणी माफी मागितली नाही. एवढं सोपं? मी बोलून गेले. तो म्हणाला, "मशीन हातात असलं की कुलूप नावालाच वो ताई. इथनं मी मालकाचा बी मालक." त्यानं पासवर्ड बदलायची ओळ टाइप केली, शेवटी विनोदचं नाव आलं, आणि त्याचं बोट एंटरकडं गेलं. मी म्हटलं, थांबा. इतक्या मोठ्यानं म्हटलं की सुलक्षणा उठून उभी राहिली. मी म्हटलं, "त्यांचा बदलू नका. राहू दे तसाच." सत्यजीतनं बोट मागं घेतलं. "पर ताई, तो कुणालाच म्हाईत न्हाई. ठिवून करायचं काय?"  मी एवढंच म्हणाले की दुसरा काही मार्ग असेल तर बघा. त्यानं डोकं खाजवलं, मग म्हणाला की तुमचं वेगळं खातं काढतो, त्यालाच सगळे अधिकार देतो, साहेबांच्या खात्याला हात लावत नाही. पाच वर्षांपूर्वी विनोद हेच सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

त्यानं माझ्या नावाचं खातं काढलं आणि म्हणाला, "आता तुमचा पासवर्ड टाका, दोन बार. मी बघत न्हाई." तो खरंच खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसला. काळ्या पडद्यावर टाइप करताना काहीच दिसत नव्हतं, ठिपकेसुद्धा नाहीत. मी ठरवलं होतं विनोदचं नाव टाकायचं. बोटं ठेवली आणि बोटांनी भलतंच टाइप केलं. दौंडच्या शाळेत सातवीत माझ्या शेजारी धनश्री नावाची मुलगी बसायची. तिच्या वडिलांची बदली झाली आणि ती एका दुपारी दप्तर घेऊन उठून गेली. पुढं मी तिला पत्र लिहिलं नाही, फेसबुकवर शोधलं नाही, वर्षानुवर्षं तिची आठवणही काढली नाही. तिचं नाव, आणि पुढं आमच्या बाकाचा आकडा. दुसऱ्यांदा टाइप केलं तेव्हा मी जाणूनबुजून केलं. त्यात विनोद नव्हता, गौतमीसुद्धा नव्हती, आणि दोघांवर माझा जीव काही कमी नव्हता. उद्या मला काही झालं तर माझी पोर इथं बसून स्वतःचं नाव टाकून बघेल, आणि मशीन तिची माफी मागेल. मला तिला आत्ताच उठून सांगावंसं वाटलं की बाळा, त्याचा काही अर्थ नसतो. मग मला विनोदचा राग येईनासा झाला. सकाळपासून मी रागावले होते हे मला तेव्हा कळलं. (पासवर्ड इथं सांगून बसले, आता बदलावा लागणार.)

प्रिंटर दोन मिनिटांत जोडला गेला. सुलक्षणानं हुश्श केलं, शेतकऱ्यांना उद्या या म्हणून सांगितलं. पण मी माझ्या खात्यातून रिपोर्टांच्या फोल्डरमध्ये शिरायला गेले तर आत सोडेना, परवानगी नाही म्हणे. सत्यजीत हसला. "बरोबर हाय. सगळ्या फायली साहेबांच्या मालकीच्या हायेत. समद्या तुमच्या नावावर करू का? एक ओळ टाकायची." मी विचार केला. पाच वर्षांचं काम त्याचं आहे, ते माझ्या नावावर कसं करायचं? आणि मी घाम गाळलेलं त्याच्या नावावर का? मी म्हटलं, "तारखेप्रमाणं करता येईल का? एका तारखेपर्यंतचं त्यांचं, पुढचं माझं?" येईल की, तो म्हणाला, आणि हात कीबोर्डवर ठेवून त्यानं विचारलं, "कंची तारीख?" मी म्हणाले, अठरा नोव्हेंबर. त्यानं यादी काढून दाखवली. प्रत्येक ओळीत मालक, तारीख, वेळ, फाइलचं नाव. मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत विनोद, विनोद, विनोद. अठरा नोव्हेंबर, संध्याकाळी पाच चाळीस, वरवंडचा एक नमुना. त्याच्या खालची ओळ एकोणीस नोव्हेंबरची होती, सकाळी अकरा वीस. मालक विनोद.

एकोणीसला अकरा वाजता आम्ही राहूला नदीकाठी होतो. सरण रचून झालं होतं आणि माझ्या हातात कुणीतरी फुलं दिली होती. आप्पा गाडी करून आले होते, हात जोडून उभे होते. त्या वेळी हे मशीन इथं चालू होतं आणि विनोद कुणाच्या तरी मातीतलं नत्र मोजत होता. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. पाठीमागून सुलक्षणा म्हणाली, "ते माझं हाय, वहिनी." मी वळले.  "आप्पा म्हणले, आपण सगळीच गेलो तर केंद्र बंद पडंल, तू थांब. मला बी यायचं व्हतं. मी रडत रडत टाइप केलं आन् खाली त्यांचंच नाव पडलं. मला कापरं भरलं. तवापासनं तुमी येईस्तवर रोज पडायचं. कुणाला सांगू?" ती तेव्हापासून माझ्याशी इतकी सांभाळून का वागत होती ते आता कळलं. मी तिचा हात धरला. 

मी सत्यजीतला म्हटलं, आधी सुलक्षणाचं खातं काढा. ती नको नको म्हणत होती, मी तिला खुर्चीवर बसवलं. तिनं पासवर्ड टाकताना आम्ही दोघंही भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. मग त्यानं ओळी टाकल्या. एकोणीस नोव्हेंबरपासून दोन फेब्रुवारीपर्यंतचं सुलक्षणाचं, तीन फेब्रुवारीपासूनचं माझं. जुन्या फायली वाचता येतील पण त्यात कुणाला बदल करता येणार नाही अशी सोय केली. यादी पुन्हा काढली. अकरा महिन्यांच्या ओळींवर माझं नाव होतं, मी मोजलेली प्रत्येक माती माझ्या नावावर. त्याच्यावर सुलक्षणा. आणि तिच्याही वर, अठरा नोव्हेंबर, पाच चाळीस, विनोद. त्याच्यापुढं त्याचं एकही काम नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं वरवंडचा नमुना संपवला होता आणि तो उठला होता.

आप्पांनी आतून विचारलं, "झालं का चालू?" सुलक्षणा म्हणाली, झालं. मी खुर्चीवर बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले, दौंडच्या त्या अनोळखी माणसाच्यासुद्धा. नदीकाठी मला रडू आलं नव्हतं, तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, हिला रडवा. सत्यजीत सॅक भरून निघून गेला. अकरा महिने मी रोज सकाळी विनोदकडं कामाला येत होते. उद्यापासून नुसती कामाला येणार होते.